तालात पडणारी माणसं: जुन्या ब्रिटिश धडपड्या संगीत-विनोदी सिनेमांबद्दल

गेल्या आठवड्यात वर्कशॉप संपल्यावर तू विचारलंस, सर तुम्ही दर बॅचला ते जुने काळेपांढरे ब्रिटिश सिनेमे का दाखवता, नायक पडतो, उठतो, मालकाचं काहीतरी फोडतो, मधेच गाणं म्हणतो, शेवटी मुलगी मिळते, पहिल्या दहा मिनिटांत सगळी गोष्ट कळते, मग लोकांना त्यात अजून काय दिसतं? तेव्हा हॉल रिकामा करून द्यायचा होता म्हणून नीट बोलता आलं नाही. आता निवांत लिहितोय. फार्स करण्यात आणि नंतर शारीरिक विनोद शिकवण्यात माझी २६ वर्षं गेलीत आणि त्यातली निदान वीस वर्षं मी हे सिनेमे परत परत बघत आलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. या सिनेमांमधे गाणं आणि पडणं या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. एकाच माणसाच्या एकाच अंगातून, एकाच तालाच्या जाणिवेतून दोन्ही निघतात. आपण बघताना म्हणतो की मधेच गाणं आलं, पण ते मधेच आलेलं नसतं, तो माणूस पहिल्या शॉटपासून तालातच असतो, फक्त आधी तो ताल पायात आणि खांद्यात होता आणि आता गळ्यात आलाय.

स्लॅपस्टिक हा शब्दच बघ. जुन्या इटालियन नाटकमंडळ्यांमधल्या विदूषकांच्या हातात दोन फळ्या जोडलेली काठी असायची, मारली की लागायचं अगदी कमी आणि आवाज मात्र खणखणीत व्हायचा, त्या काठीचं हे इंग्रजी नाव. आणि ऑर्केस्ट्रात चाबकासारखा आवाज काढायला दोन फळ्यांचं वाद्य असतं त्यालाही हेच नाव आहे. म्हणजे ज्याला आपण नुसता धांगडधिंगा समजतो ते नाव मुळात आवाजाच्या हत्याराचं आहे. पूर्वी इंग्लंडमधल्या थेटरात नट पडायचा तेव्हा खाली बसलेला ड्रमवाला बरोबर त्या क्षणाला थाप द्यायचा, जरा उशीर झाला तर हशा गेलाच. हे आपल्याला नवीन नाही, वगात सोंगाड्या दचकला की ढोलकीवाला त्याला थापेवर पकडतो, तेच ते.

आता हे आलं कुठून तर म्युझिक हॉलमधून. दारूच्या गुत्त्यात लोक बसून गाणी म्हणायचे त्यातून ही थेटरं वाढली, लंडनच्या लॅम्बेथ भागात चार्ल्स मॉर्टन नावाच्या माणसाने १८५२ साली कँटरबरी हॉल उघडला तो या प्रकारातला सुरुवातीचा मोठा हॉल. तिथला विनोदी नट म्हणजे गाणारा नट. चुटका सांगायचा, गायचा, नाचायचा, पडायचा आणि धृपद आलं की अख्ख्या हॉलने त्याच्याबरोबर गायचं. १९३० च्या सुमाराला बोलपट आले आणि हीच माणसं आपल्या गाण्यांसकट कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशरच्या रॉचडेलची गायिका-नटी ग्रेसी फील्ड्स घे, १९३४ च्या 'सिंग अ‍ॅज वी गो' मधे कापडगिरणी बंद पडते आणि ती ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या मौजमजेच्या गावी जाऊन मिळेल ते काम करते, शेवटी गिरणी सुरू होते आणि ती कामगारांना गात गात परत आत घेऊन जाते. त्या वर्षी लँकेशरमधल्या खऱ्या गिरण्या बंद पडत होत्या आणि तेच कामगार पैसे देऊन हा सिनेमा बघत होते, हे डोक्यात ठेवून तो शेवट बघ.

पण मला जास्त बोलायचंय ते दोघांबद्दल. पहिला जॉर्ज फॉर्मबी, जन्म १९०४, गाव विगन. त्याचे वडीलही जॉर्ज फॉर्मबी याच नावाने म्युझिक हॉल गाजवायचे. त्यांना क्षय होता, आणि स्टेजवर खोकल्याची उबळ आली की ते ती लपवायचे नाहीत, खाली वाद्यवृंदाच्या संचालकाकडे बघून खोकल्यावरच बोलायचे आणि लोक हसायचे. मी वर्गात हे सांगतो तेव्हा पोरं गप्प होतात. आपल्या मोडक्या फुप्फुसाची उबळसुद्धा त्या माणसाने ठेक्यात बसवली होती. मुलाने मात्र या धंद्यात येऊ नये म्हणून त्यांनी त्याला लहानपणीच घोड्यांच्या तबेल्यात जॉकी व्हायला पाठवलं. १९२१ साली वडील गेले, आणि हा सतरा वर्षांचाही झालेला नसताना वडिलांचीच गाणी आणि तेच चुटके घेऊन स्टेजवर उभा राहिला. सुरुवातीला काही चाललं नाही. पुढे दोन गोष्टी झाल्या, एक म्हणजे त्याच्या हातात बॅंजोलेले आलं आणि दुसरं म्हणजे बेरिल इंगम नावाच्या नर्तिकेशी १९२४ साली लग्न झालं जिने त्याचा सगळा कारभार हातात घेतला.

बॅंजोलेले म्हणजे मान युकुलेलेची, म्हणजे छोट्या गिटारसारख्या वाद्याची, चार तारा, आणि पोट बॅंजोचं, चामड्याचं. त्यामुळे वाद्य एवढंसं पण आवाज टणक, मागच्या रांगेपर्यंत जाणारा. फॉर्मबीला नोटेशन वाचता यायचं नाही, वेगवेगळ्या पट्ट्यांत लावलेली वेगवेगळी वाद्यं तो जवळ ठेवायचा म्हणजे बोटांची ठेवण बदलायला नको. डावा हात तसा साधाच. सगळी जादू उजव्या हाताची. त्याच्या त्या स्ट्रोकला स्प्लिट स्ट्रोक म्हणतात, बोट चारही तारांवरून खाली येतं, वर जाताना फक्त एका टोकाची तार उचलतं, मग दुसऱ्या टोकाची, आणि हे एवढ्या वेगात की सरळ चाललेल्या आठ मात्रा ३-३-२ अशा फुटतात. तू स्वतः टाळी देऊन बघ, एकदोनतीन एकदोनतीन एकदोन. तबला शिकलेल्या कुणालाही ही फोड ओळखीची वाटेल, पण हा माणूस ती फोड एका हाताने वाजवत वर चेहऱ्यावर दात दाखवत निवांत गात असतो, जणू हाताशी त्याचा काही संबंधच नाही.

आणि इथेच मला या सिनेमांची खरी गंमत सापडली. फॉर्मबीचा नायक अर्धा-पाऊण तास काय करतो तर सगळीकडे अडकतो, आपटतो, चुकीच्या दारातून आत जातो, मुलीसमोर त्याला बोलता येत नाही. मग कुणीतरी म्हणतं गाणं म्हण, तो वाद्य घेतो, आणि ज्या शरीराला नीट उभं राहता येत नव्हतं ते एकदम स्थिर होतं. फक्त मनगट हलतंय. आपल्याला तेव्हा कळतं की या वेंधळ्या माणसाच्या हातात अशी कला आहे जी त्याला हसणाऱ्या एकाही माणसाकडे नाही. हसणं थांबत नाही, पण आता आपण त्याच्या बाजूने हसतो. एवढा मोठा पालट एका डायलॉगशिवाय होतो. मी नाटकं बसवताना किती वेळा दोन-दोन पानांची स्वगतं लिहून घेतलीत हे दाखवायला की बाबा नायक आतून हुशार आहे, आणि तो माणूस हे वाद्याच्या आठ मात्रांत करतो.

त्याचं पहिलं मोठं यश १९३५ चं 'नो लिमिट', लंडनच्या ईलिंग स्टुडिओत बेसिल डीन या निर्मात्याच्या कंपनीने केलेलं. विगनमधला चिमण्या साफ करणारा पोरगा स्वतः बनवलेली मोटरसायकल घेऊन आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटरसायकल शर्यतीला जातो. शूटिंग खऱ्या बेटावर, खऱ्या रस्त्यांवर. नंतर १९३६ च्या 'कीप युअर सीट्स, प्लीज' मधलं खिडक्या पुसणाऱ्याचं गाणं, ज्यात तो कामावर असताना कुणाच्या खिडकीतून काय काय दिसतं ते सांगतो, ते बीबीसीला अश्लील वाटलं आणि त्यांनी रेडिओवर बंद केलं, पण लोकांना पाठ होतं. दादा कोंडके ज्यांनी थेटरात बघितलेत त्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको, गाण्यात वाईट एक शब्द नाही आणि सगळं हॉल हसतंय.

एक सीन तू बघच. १९४० चं 'लेट जॉर्ज डू इट'. हा ब्लॅकपूलला जायला निघालेला आणि युद्धातल्या ब्लॅकआउटच्या अंधारात चुकून बोटीने नॉर्वेच्या बर्गनला पोचतो, तिथे हॉटेलातल्या बँडचा म्होरक्या जर्मनांचा हेर आहे आणि तो बँडच्या संगीतातूनच पाणबुड्यांना सांकेतिक निरोप पाठवतोय. म्हणजे बघ, पटकथाच तालावर उभी आहे, आणि ते ओळखायला वाद्य वाजवणाराच माणूस पाठवलाय. मधे एक स्वप्नाचा भाग आहे, फॉर्मबी फुग्यातून थेट नाझींच्या सभेत उतरतो आणि हिटलरला ठोसा मारतो. सिनेमा आला त्या उन्हाळ्यात नॉर्वे आधीच जर्मनीच्या ताब्यात गेलेला होता आणि इंग्लंडवर बाँब पडायला सुरुवात होत होती. त्या वेळी लोकांची मतं नोंदवत फिरणाऱ्या मास ऑब्झर्वेशन या गटाने लोकांच्या धीराच्या दृष्टीने या ठोशाची नोंद घेतली होती. मला स्वतःला त्या सीनमधे सगळ्यात काय आवडतं तर तो ठोसा कुणी बलदंड नायक मारत नाही, ज्याला आपण तासभर सगळीकडे आपटताना बघितलंय तो मारतो, आणि बरोबर बसतो.

दुसरा माणूस नॉर्मन विझडम, जन्म १९१५, लंडन. याचं बालपण ऐकवत नाही, आई सोडून गेली, बाप मारायचा, रस्त्यावर झोपून दिवस काढलेले. सैन्यात बँडचा पोरगा म्हणून भरती झाला आणि १९३० साली कुठे पाठवला गेला तर आपल्याकडे, लखनौला. तिथे तो ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट शिकला, घोडा शिकला, बॉक्सिंग शिकला आणि भारतातल्या ब्रिटिश सैन्याचा फ्लायवेट चॅम्पियन झाला. पुढे सैन्याच्या जिममधे एकटाच हवेत ठोसे मारायचा सराव करत असताना बघणारे हसले आणि त्याला कळलं की आपल्या अंगात काहीतरी वेगळं आहे. हे मी दर बॅचला मुद्दाम सांगतो कारण वाद्य आणि बॉक्सिंग या दोन गोष्टी एकाच वयात अंगात गेल्या की काय होतं ते विझडम. बॉक्सरला पडायचं कसं माहीत असतं आणि वाजवणाऱ्याला कधी ते माहीत असतं.

त्याचा वेश म्हणजे आखूड झालेला घट्ट कोट, वाकडा टाय, तिरकी टोपी. १९५३ चं 'ट्रबल इन स्टोअर' हा त्याचा पहिला मोठा सिनेमा आणि त्याची सुरुवात अशी आहे की आपल्याला वाटतं हा मोठ्या मोटारीत मालकाच्या शेजारी बसलाय, सिग्नल सुटतो, मोटार निघून जाते आणि हा तिथेच सायकलवर. एक शब्द नाही, पण नोकर कोण, मालक कोण, आणि नोकराच्या मनात काय आहे, सगळं सांगून झालं. तो एका मोठ्या दुकानाच्या गोदामात कामाला आहे आणि त्याला शोकेस सजवायची आहे, एवढीच इच्छा. त्या सिनेमाने लंडनच्या ६७ थेटरांपैकी ५१ थेटरांत गर्दीचे विक्रम मोडले आणि विझडमला सगळ्यात आश्वासक नवोदित म्हणून ब्रिटिश अकॅडमीचा पुरस्कार मिळाला.

विझडम गाण्याचा उपयोग फॉर्मबीच्या उलट करतो हे लक्षात घे, अभ्यासाला हे महत्त्वाचं आहे. फॉर्मबीला गाणं उचलून धरतं. विझडम गाण्यात उघडा पडतो. दिवसभर धडपडून लोकांना हसवलेला माणूस एकटा होतो आणि म्हणतो की मला हसू नका, मी वेडा आहे म्हणून. ते गाणं १९५४ मधे ब्रिटनच्या खपाच्या गाण्यांच्या यादीत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. बऱ्याच समीक्षकांना ही रडवी बाजू आवडली नाही, आणि पुढच्या काही सिनेमांत ती जास्त झाली हे मलाही मान्य आहे, पण या पहिल्या सिनेमात मला ती पटते, कारण त्याआधीच्या प्रत्येक पडण्यात आपण हसलेलो असतो आणि आता तो आपल्यालाच सांगतोय. १९५९ च्या 'फॉलो अ स्टार' मधे तर त्यांनी हाच विषय केला, सुरेख गळ्याचा साधा कामगार, त्याला आवडती मुलगी समोर असेल तरच गाता येतं, आणि उतरती कळा लागलेला एक मोठा गायक त्याचा आवाज चोरतो. फॉर्मबीच्या १९३७ च्या 'फेदर युअर नेस्ट' मधे रेकॉर्डच्या कारखान्यातला पोरगा मोठ्या गायकाची रेकॉर्ड फोडतो आणि गुपचूप स्वतःचा आवाज तिथे घालतो. दोन्ही एकामागोमाग बघ, बावीस वर्षांचं अंतर आहे, एकात गरिबाचा आवाज आत घुसतो आणि दुसऱ्यात तो पळवला जातो.

आता आपल्या कामाचं. १९६५ चं 'द अर्ली बर्ड', विझडम दूधवाला, मालक ग्रिम्सडेल, एक म्हातारी घोडी, आणि समोर मोठी डेअरी कंपनी. सुरुवातीची कित्येक मिनिटं कुणी बोलत नाही. पहाट, गजर, अर्धवट झोपेतली माणसं जिन्यावरून खाली, चहा, कपडे, सगळं झोपेत. हा भाग मी आवाज बंद करून दाखवतो आणि पोरांना टाळी धरायला सांगतो, आणि दर वेळी दोन-तीन मिनिटांत सगळ्यांची टाळी एक होते. कारण प्रत्येक हालचालीला लांबी दिलेली आहे, जांभई किती, थांबणं किती, आदळणं कुठे. तू परवा जिन्याच्या सीनमधे पडलास तेव्हा लागलं नाही आणि हसूही आलं नाही, आठवतंय? तू पडण्याच्या आधी थांबलाच नाहीस. पडण्याआधी एक मात्रा रिकामी सोडायची असते, त्या मात्रेत प्रेक्षक पडतो, मग तू पडायचं. विझडम ती रिकामी मात्रा कधीच चुकवत नाही. आणि कॅमेरा बघ, डोक्यापासून पायापर्यंत सगळा माणूस चौकटीत, मधे कट नाही. आजकाल पडणं एडिटिंगमधे बनवतात, पाय घसरला एक शॉट, चेहरा एक शॉट, जमीन एक शॉट, त्यात माणूस खरं पडलेलाच नसतो. गाणाऱ्याचा सूर तुकड्या-तुकड्यांत जोडलेला ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच कळतो, तसं शरीराचंही कळतं, फक्त बघणाऱ्याला सांगता येत नाही.

भाषेच्या पलीकडे हे जातं याचा सगळ्यात मोठा पुरावा अल्बेनिया. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाच्या काळात तिथे पाश्चात्य सिनेमांना बंदी होती, विझडमचे मात्र चालायचे, कारण मालकाविरुद्ध कामगार असा अर्थ सरकारला त्यात दिसला. लोक त्याला पिटकिन म्हणायचे, त्याच्या सिनेमातल्या नावाने. २००१ मधे इंग्लंडची फुटबॉल टीम अल्बेनियाच्या राजधानीत, तिरानाला, मॅच खेळायला गेली तेव्हा विझडम तिथे होता, वय ८६, आणि सरावाच्या वेळी बेकहॅमपेक्षा जास्त गलका याच्याभोवती झाला. तिथल्या लोकांना लंडनच्या बोलीतले विनोद किती कळले असतील? पण अंग आणि सूर कळला. फॉर्मबीचं तर अजून वेगळं, तो १९६१ साली गेला आणि त्याच वर्षी त्याच्या नावाने सोसायटी सुरू झाली, अजून लोक ब्लॅकपूलला जमून सगळे मिळून ती गाणी वाजवतात. म्हणजे म्युझिक हॉलमधलं धृपद अजून चालू आहे, समोरच्याने फक्त बघत बसायचं असं नाहीच.

दोषही सांगतो. मुलींच्या भूमिका बहुतेक वेळा पातळ आहेत, तिने नायकावर विश्वास ठेवायचा एवढंच काम. फॉर्मबीच्या काही गाण्यांत चिनी माणसाची जी टिंगल आहे ती आज ऐकताना त्रास होतो आणि व्हायलाच पाहिजे, मी ती गाणी दाखवतो तेव्हा आधी हे बोलतो. आणि तरी याच जॉर्ज आणि बेरिलने १९४६ च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात फक्त गोऱ्यांसाठीच्या थेटरात खेळ करायला नकार दिला आणि काळ्या लोकांसमोर जाऊन खेळ केले, तिथल्या पुढाऱ्यांचा राग ओढवून घेतला. दोन्ही खरं आहे. माणूस पूर्ण बघायचा.

आणि गोष्ट आधीच कळते म्हणालास ना, ते बरोबर आहे. पण ठुमरीचे शब्दही आधी माहीत असतात. पुढे काय होणार हे कळलेलं असतं म्हणूनच आपलं लक्ष कसं होणार इकडे मोकळं राहतं, आणि हे सगळे सिनेमे त्या कसं साठीच केलेले आहेत.

येत्या रविवारी अर्धा तास लवकर ये. मी युकुलेले आणतो. आधी नुसती टाळी, ३-३-२, मग तीच टाळी चालू ठेवून जिना उतरायचा, पायाने सरळ आठ आणि हाताने फुटलेले आठ. पडायचं अजिबात नाही. शेवटच्या दोन पायऱ्यांवर तुला आपोआप कळेल की रिकामी मात्रा कुठे आहे.